सतरा वर्षांच्या मुलाने सही कुठून आणायची?

मा. महासंचालक,
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, नवी दिल्ली



मी अकरावी-बारावीला शिकवते. माझा एक विद्यार्थी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी करून घ्यायला गेला होता. केसपेपर काढला, समुपदेशकांच्या खोलीबाहेर बाकावर ताटकळला, नंबर आल्यावर आत गेला. वय सतरा म्हटल्यावर उत्तर मिळालं, "आई नाहीतर वडिलांना घेऊन ये." तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. समुपदेशक बाईंना मी दोष देत नाही. अठरा वर्षांखाली पालकांची संमती हवी, हा नियम त्या पाळत होत्या.

पण ज्या घरात हा विषय काढला तर आधी मार बसेल, त्या घरातून सही कशी मिळायची? अत्याचार करणारा घरातलाच असला तर? आणि संसर्ग टाळण्याची औषधं संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. पोरांचे ते तीन दिवस वडिलांसमोर तोंड उघडायचा धीर गोळा करण्यातच जातात.

२०१७च्या एचआयव्ही कायद्याचं कलम ३२ आपल्याला माहीत आहेच. एचआयव्हीबाधित घराचा कारभार सांभाळणारं बारा वर्षांपुढचं समंजस मूल धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं. त्याची शाळा, त्याचे उपचार ठरवू शकतं. भावंडाच्या उपचारांसाठी पुरणारी समज स्वतःच्या चाचणीला कशी पुरत नाही? दक्षिण आफ्रिकेच्या २००५च्या बालक कायद्याने तर बाराव्या वर्षापासून मुलांना या चाचणीसाठी स्वतः संमती देण्याची मुभा दिली आहे.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याची अडचण खरी आहे. सतरा वर्षांच्या दोघांचा राजीखुशीचा संबंधही गुन्हाच, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरती वाट काढली: अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी तिचं नाव पोलिसांना सांगण्याची गरज नाही. चाचणीसाठीही वाट निघेल, फक्त आपण ती मागायला हवी.

माझी मागणी एवढीच. सोळा वर्षांपुढच्या मुलामुलींना समुपदेशनानंतर स्वतःच्या सहीने चाचणी आणि ७२ तासांच्या आत सुरू करायची ती औषधं मिळावीत. निकाल पॉझिटिव्ह आला, तर त्यांचा विश्वास असलेल्या मोठ्या माणसाला सांगायला समुपदेशकांनी सोबत करावी. जूनमध्ये नवं वर्ष सुरू होतं. त्याआधी परिपत्रक निघालं, तर पहिल्याच आठवड्यात मी ते वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका