मूळ फोटो फेकू नका

जळगावच्या मेहरूणमधल्या माझ्या स्टुडिओत हल्ली एकच मागणी असते: "दादा, आजोबांचा फोटो एआयनं क्लिअर करून द्या ना." परवाच्या फोटोत ओलीमुळे आजोबांचा डावा कान आणि अर्धी टोपी गेली होती. नातवानं मोबाइलवर तो आधीच 'क्लिअर' करून आणलेला. टोपी अखंड, कान जागेवर, कपाळावर एक आठी नाही. सोबतच्या आजी म्हणाल्या, "माणूस छान आहे, पण हे ते नव्हेत." कान यंत्रानं आपल्या मनानं लावला होता.

म्हणून फोटोवरचा विश्वासच उडाला, असं म्हणणाऱ्यांनी थोडं मागं वळून पाहावं. १८३९मध्ये फ्रान्समध्ये छायाचित्रण जगासमोर आलं आणि दुसऱ्याच वर्षी इपोलित बायार यांनी बुडून मेल्याचं सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला. आम्हीही निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवत आलो. पण टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल निघायची आणि खालचा खरा चेहरा शाबूत असायचा. एआयच्या चित्राखाली असं काही नसतं. मला भीती वाटते ती याची.

अस्सल फोटोचं मोल कळायला लांब जायला नको; अजिंठा इथून साठेक किलोमीटर. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या रंगीत नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या नकला १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. त्यांनी कॅमेऱ्यानं टिपलेले लेण्यांचे फोटो मात्र टिकले. १८६४मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह गिल यांच्या शंभर जोडछायाचित्रांचं पुस्तक निघालं होतं. त्यात रंग नाहीत, तरी अभ्यासकांना ते फोटो आजही चालतात; कारण प्रती अनेक आहेत आणि कुणी, कुठं काढले याची नोंद आहे. गिल १८७९मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे.

कॅमेरा कंपन्याही आता याच नोंदीकडे वळल्या आहेत. २०२३मध्ये लायकानं फोटो काढतानाच त्यात त्याच्या उगमाची डिजिटल मोहोर उमटवणारा कॅमेरा आणला. फोटोग्राफीचं पुढचं भवितव्य मला अशा नोंदीतच दिसतं.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना विनंती: एआयनं दुरुस्त केलेल्या प्रिंटमागं तसं स्पष्ट लिहा, आणि मूळ फोटो गिऱ्हाइकाच्या हाती परत द्या. वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत जुने अल्बम आणि निगेटिव्हची पाकिटं रद्दीत घालू नका. घरात ओळखणारं माणूस आहे तोवर त्याला विचारून फोटोमागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.