ब्यार्मालँडचा राजा आणि ‘अन्य’त्वाचे सूत्र

मध्ययुगीन साहित्यात परदेशाचे चित्रण आढळले, की त्यावर ‘अन्य’ असा शिक्का मारून समीक्षा मोकळी होते. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) मधील विवेचनाचे असे सूत्र बनले आहे, की संहिता वाचण्याची निकडच उरू नये. नॉर्स सागांमधील ब्यार्मालँड हे या सूत्राचे अपुरेपण उघड करते.

ब्यार्मालँड हा श्वेत समुद्राकाठचा प्रदेश. नवव्या शतकाच्या अखेरीस ओटार या दर्यावर्दीने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला दिलेल्या वृत्तांतात तेथील लागवडीखालची भूमी येते, लोकांची भाषा येते. राजा येत नाही. स्नोरी स्टुर्लुसोनच्या ‘हाइम्सक्रिंग्ला’मधील थोरिरच्या स्वारीतही (सुमारे १०२६) आधी कातड्यांचा व्यापार होतो, मग योमाली देवाच्या मूर्तीच्या मांडीवरचे चांदीचे पात्र पळवले जाते. येथे लूट ही लूटच असते.

चौदाव्या शतकातील ‘बोसाच्या सागे’त मात्र या भूमीला हारेक नावाचा राजा लाभतो. नायक मंदिर लुटतो, राजा युद्धात पडतो, नायक त्याची कन्या एड्डा हिच्याशी विवाह करतो आणि स्वतः राजा होतो. सिंहासन, कन्या, वारसा ही सामग्री जमली, की लुटारूचा जामात होतो आणि लुटीचा हक्क!

देवाचे ‘योमाली’ हे नाव फिनिश ‘युमाला’शी, म्हणजे ‘देव’ या शब्दाशी, नाते सांगते. राजाचे नाव मात्र अस्सल नॉर्स आहे. लुटायचा तो देव परका राहिला. ज्याचा वारसा घ्यायचा तो राजा आपल्यासारखा घडवला गेला. ‘अन्य’त्वाच्या सूत्राला यातला पूर्वार्ध तेवढा दिसतो. उत्तरार्धातील सारखेपणाची हिंसा त्याच्या कक्षेबाहेर राहते.

ओटारच्या मौनावरून तेथे राजा नव्हताच असे सिद्ध होत नाही, हा इतिहासकारांचा आक्षेप रास्तच आहे. परंतु प्रश्न हारेक होऊन गेला की नाही हा नसून, कथनाला त्याची गरज का पडली हा आहे. त्याचे उत्तर कोणत्याही सिद्धान्तात आयते मिळत नाही. ते संहितेतच शोधावे लागते. आणि हे कष्ट टाळणाऱ्या समीक्षेला सैद यांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.