सहल एकदा तरी मुक्कामी न्या

शिक्षक मित्रांनो, सहलीचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा काय म्हणतो? "मुक्काम नको हो, जबाबदारी कोण घेणार!" मीही आजवर हेच म्हणत आलोय. यंदा मात्र मत बदललंय.

बदललं ते एका शिक्षकामुळेच. जर्मनीतले रिचर्ड शिरमान मुलांना घेऊन डोंगररानात पायी हिंडायचे. १९०९ च्या ऑगस्टमध्ये वाटेत वादळी पावसानं गाठलं. एका गावच्या रिकाम्या शाळेत पेंढ्यावर मुलं झोपली. गुरुजी मात्र जागेच. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग एकेका दिवसाच्या चालीवर अशी मुक्कामाची सोय का नसावी? पुढे पहिल्या महायुद्धाआधीच आल्टेना गावच्या टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी युवा वसतिगृह सुरू केलं. सरदारांच्या किल्ल्यात साध्या घरची पोरं झोपू लागली! त्या लाकडी खाटा तिथं अजून जपून ठेवल्यात.

पालक म्हणतात, रात्री मुलगी घराबाहेर नको. काळजी खरी आहे. सोबत शिक्षिका हव्यात, स्वच्छतागृह चांगलं हवं; त्याशिवाय मीही नेणार नाही. पण वॉटर पार्क करून बसनं रात्री अकराला परतणं तरी कुठं सुरक्षित?

आपल्या गडांच्या पायथ्याच्या गावांतही जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, दिवाळीच्या सुट्टीत कुलूपबंद. दोन वर्ग उघडून मिळाले, गावातल्या ताईंकडून पिठलं-भाकरी घेतली, की पहाटे पोरं गडाच्या वाटेला लागतील. मुख्याध्यापकांकडे यंदा मी तसा अर्ज देतोय.