पथ्य एकाचं, स्वयंपाक दुसऱ्याचा

दीक्षित की दिवेकर हा वाद २०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रात इतका रंगला होता, की पंगतीत शेजारी बसलेला माणूस कुठल्या गटातला हे न विचारता कळायचं. घड्याळाकडे बघत जेवणारा दीक्षितांचा, निर्धास्तपणे तूप वाढून घेणारा दिवेकरांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं आणि आपल्या मातीतलं खा. दोन्ही बाजूंनी वजनं उतरल्याचे आणि साखर आटोक्यात आल्याचे दाखले दिले गेले. मला त्या वादात एकच गोष्ट खटकायची. दोनदा खा किंवा सहादा खा, पण सांगितलं जात होतं ते फक्त खाणाऱ्याला. रांधणारं माणूस त्यात कुठेच नव्हतं.

आहाराने मधुमेह आवरता येतो, यात आता शंका घ्यायला जागा नाही. चेन्नईत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना जेवणाचा आणि चालण्याचा सल्ला सातत्याने दिला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही साधारण तेवढंच साधलं आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही पदरात पडलं नाही. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ हा प्रयोग त्याच्याही पुढे गेला. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नाहीत आणि इन्सुलिन सुरू नाही अशा लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात तर हे प्रमाण ८६ टक्के होतं.

हे आकडे आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फार फिरले. पण ती माणसं त्या महिन्यांत काय खात होती? पाकिटातलं सूप आणि शेक. घरचा स्वयंपाक पूर्ण बंद. काय रांधायचं, किती वाढून घ्यायचं, उरलेल्याचं काय करायचं, यातलं काहीच ठरवायला नको. नंतर ती हळूहळू रोजच्या जेवणाकडे परतली आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ४६चे ३६ टक्के झाले. मला त्या प्रयोगातला हा भाग सगळ्यात बोलका वाटतो. स्वयंपाकघर बाजूला ठेवलं तेव्हा पथ्य सोपं होतं.

आपल्याकडे ते बाजूला ठेवता येत नाही. घरातल्या पुरुषाला मधुमेह झाला की महिन्याभरात स्वयंपाक बदलतो. भात कमी होतो, मेथ्या भिजत पडतात, चहाला वेगळं पातेलं येतं. तोच आजार त्याच्या बायकोला झाला की ती दोन स्वयंपाक करते, घरच्यांचा नेहमीचा आणि स्वतःसाठी जमेल तसा. बहुतेक वेळा तो जमतच नाही. ती शेवटी जेवायला बसते तेव्हा भाजी संपत आलेली असते, उसळीचा नुसता रस्सा उरलेला असतो आणि भात मात्र भरपूर असतो. अन्न टाकायचं नाही म्हणून तोही तिच्याच पोटात जातो. डॉक्टर तिला म्हणतात, ‘ताई, तोंडावर ताबा ठेवा.’ ताबा कसला ठेवणार? तिचं ताट आधीच्या चार ताटांनी ठरवलेलं असतं.

उपवास हा आणखी एक प्रकार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, आणि वर ‘आज काही खाल्लं नाही’ हे समाधान. भगर त्यातल्या त्यात बरी म्हणतात, पण ताटभर खाल्ली तर तीही साखर वाढवतेच. गुळाला तर आपण माफीच देऊन टाकली आहे. साखरेच्या जागी गूळ घातला की घरच्यांचं मन शांत होतं, रक्तातली साखर नाही.

आपल्या परंपरेत औषध नाही असं मात्र नाही. ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर असतेच, फक्त ती चटणीच्या मापाने वाढली जाते. ती वाटीभर करा, तिच्यासोबत आमटी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ आधी खा आणि भात-भाकरी शेवटी घ्या. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. यासाठी परदेशी बिया मागवायला नकोत. अडचण येते ती पैशाची. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं आणि ते मुख्यतः गहू-तांदूळ असतं. डाळ, भाजी, अंडी विकत आणावी लागतात. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तिथे ‘तुमची निवड तुमच्या हातात’ हे वाक्य उच्चारायला धीटपणा लागतो.

एक इशारा देणं भाग आहे, कारण पथ्याच्या उत्साहात माणसं नको ते करतात. टाइप १ मधुमेह आहाराने जात नाही. इन्सुलिन बंद केलं तर जीव जातो. टाइप २ मध्येही ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कुणी परस्पर दोनच जेवणांवर आलं, तर साखर एकदम खाली जाऊन घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपते. आहार बदलायचा तर औषधाचा डोसही त्याच भेटीत डॉक्टरांशी बोलून बदलावा लागतो. आणि ‘मी सडपातळ आहे, मला काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो बघावा. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि ब्रिटनचे जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

आता दवाखान्यातल्या त्या कागदाविषयी. सकाळी आठला काय, अकराला काय, रात्री काय, असा छापील तक्ता रुग्णाच्या हातात देतात आणि पुढच्या महिन्यात साखर वाढलेली दिसली की त्यालाच रागावतात. माझं म्हणणं इतकंच, की तो तक्ता देताना घरात रांधणाऱ्या माणसाला समोर बसवा. किती माणसांचा स्वयंपाक असतो, किराणा कोण आणतं, सगळ्यात शेवटी कोण जेवतं, हे विचारा. आणि रुग्ण तीच असेल, तर पुढच्या खेपेला नवऱ्याला आणि मुलांना घेऊन यायला सांगा. रात्रीची उसळ तिच्यासाठी आधी वाटीत काढून ठेवायची, हे त्यांच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडून पडलं पाहिजे. तिने सांगितलेलं आजवर किती घरांत ऐकलं गेलंय?