प्रवास दोघांचा, आठवण कुणाची?

आपल्या वस्तीतल्या माणसाचा प्रवास म्हणजे लग्न, मयत, दवाखाना आणि पोटापाण्याची वणवण. जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या किंवा स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बांधवाला 'जोडीने जग फिरून या' असे कुणी म्हटले, तर तो हसेल. त्याचे हसणे बरोबरच आहे. तरीही जग पाहून आलेल्या एका मराठी जोडप्याच्या हकिकतीतून आपल्या घराने घेण्यासारखे काही आहे असे आम्हाला वाटते, म्हणून या वेळी तो विषय घेतला.

हे जोडपे म्हणजे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. १९४६ साली रत्नागिरीला त्यांचे लग्न झाले, तेही नोंदणी पद्धतीने. १९५८ साली पु. ल. आकाशवाणीच्या नोकरीत असताना टेलिव्हिजनचे काम शिकण्यासाठी लंडनला बी.बी.सी.कडे गेले. सुनीताबाईही बरोबर होत्या. शिकणे झाले, फिरणे झाले. त्या प्रवासाचे 'अपूर्वाई' हे पुस्तक १९६० साली निघाले. पुढे दोघे पूर्वेकडच्या देशांतही जाऊन आले आणि १९६३ साली 'पूर्वरंग' आले. ज्यांनी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, अशा हजारो मराठी वाचकांनी घरबसल्या या दोघांबरोबर लंडन, पॅरिस आणि जपान पाहिले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रवासाला गेले दोघे, पण प्रवासवर्णन लिहिले एकाने. त्यात सुनीताबाई आहेत, पण नवऱ्याच्या शब्दांत. त्यांचे स्वतःचे 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक आले ते १९९० साली, म्हणजे 'अपूर्वाई'नंतर तीस वर्षांनी. ते प्रवासाचे पुस्तक नव्हे, सोबतच्या आयुष्याचे आहे. बायकोच्या बाजूने हेच आयुष्य कसे दिसते, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. त्यावर महाराष्ट्रात पुष्कळ चर्चा झाली. इतक्या लाडक्या माणसाबद्दल त्याच्या पत्नीने असे लिहावे का, असे विचारणारेही होते. शिकलेल्या घरातल्या बाईची ही गत, तर आपल्या घरातल्या बाईला कोण विचारणार?

सुनीताबाईंच्या त्याच रत्नागिरीला आम्ही उभयता रजा प्रवास सवलतीवर जाऊन आलो. परत आल्यावर ऑफिसात आणि गल्लीत आम्ही थिबा राजवाड्याचीच गोष्ट सांगत होतो. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाच्या राजाचे राज्य घेतले, राजाराणीला इकडे आणून ठेवले आणि १९१६ साली राजा इथेच वारला, ही ती गोष्ट. आठ दिवसांनी शेजारच्या आजींनी आमच्या सौ.ना विचारले, "तू काय पाह्यलंस गं?" सौ. म्हणाल्या, "मिरकरवाड्याच्या बंदरावर बाया मासळीची बोली लावतात. पैसे त्याच मोजतात आणि त्याच कमरेला खोचतात. कुणाला विचारत नाहीत." आम्हीही त्याच बंदरावर तासभर उभे होतो. आम्हाला होड्या दिसल्या होत्या.

आपल्याकडे बाईचा प्रवास कसा होतो ते आठवा. आदल्या रात्री भाकऱ्या थापायच्या, ठेचा बांधायचा, लेकरांचे कपडे आणि सासूची औषधे आठवणीने घ्यायची. गाडीत खिडकी नवऱ्याला किंवा पोराला. हिच्या मांडीवर धाकटे आणि पायाशी पिशव्या. घरी आल्यावर लोक नवऱ्याला विचारतात, "काय काय पाह्यलं?" आणि हिला विचारतात, "जेवणाचे हाल झाले का?" अशाने अर्ध्या घराचे पाहणे वाया जाते.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हिशेबानेच बोलतो. रोज वीस रुपये डब्यात टाकले तर वर्षाला सात हजार तीनशे होतात. एवढ्यात लंडन होत नाही, पण जवळचा एक चांगला प्रवास होतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तो भारही हलका आहे. कर्ज काढून मात्र कुणीही फिरायला जाऊ नये. लग्नातल्या मानपानासाठी आपण काढतो तेवढे कर्ज पुरे झाले.

आणि सुरुवात दूरच कशाला? जपानहून माणसे अजिंठ्याची लेणी पाहायला येतात आणि आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक बायांनी ती अजून पाहिलेली नाहीत. त्याच वाटेवर आपले भोकरदन आहे. जुन्या काळी त्याला भोगवर्धन म्हणत. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे दगडावर कोरलेली आहेत. इटलीत ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या धाटणीची हस्तिदंती मूर्ती भोकरदनच्या उत्खननातही मिळाली आहे. ज्या भागातल्या माणसांचे आणि वस्तूंचे येणेजाणे एवढ्या लांबवर होते, तिथल्या लेकीबाळींनी तालुक्याबाहेर फक्त बाळंतपणाला जावे, हे बरे नव्हे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. पुढच्या वेळी कुठेही जाल, मग ते अजिंठा असो की मुंबई, बरोबर चाळीस पानांची एक वही घ्या. जमाखर्चाच्या वहीसारखी तिची दोन पाने समोरासमोर वापरा. एका पानावर त्याने काय पाहिले ते लिहायचे, दुसऱ्यावर तिने काय पाहिले ते. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहून घ्यावे. जाताना खिडकीची जागा त्याची असेल, तर येताना तिची. भाकरीचे गाठोडे मात्र दोन्ही वेळा त्याने धरावे.