थायमसमधील वाहिन्या मोजण्यापूर्वी

उंदराच्या थायमसमधील गाठींवर खानदेशातल्या फार्मसी आणि जीवशास्त्राच्या तरुण अध्यापकांनी काम करावे, ही आमची जुनी इच्छा. तसे लेख आता येऊ लागले आहेत, याचा आनंद आहे. त्यांतला एक निष्कर्ष मात्र खटकतो : ‘गाठीत रक्तवाहिन्या वाढल्या.’ कशाच्या तुलनेत वाढल्या?

नव्या वाहिन्यांवाचून गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. त्या विचारातून निघालेले बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ पासून वापरात आहे. पण थायमस म्हणजे स्तन किंवा आतडे नव्हे. उंदरात ही ग्रंथी साधारण चार ते सहा आठवड्यांच्या वयात सर्वांत मोठी असते, मग आक्रसत जाते. बाह्यक आणि मध्यक यांच्या सीमेवर तिच्यात मुळातच मोठ्या शिरिका असतात. अस्थिमज्जेतून येणाऱ्या पेशी तिथूनच आत शिरतात. १९९१ पासून रूढ झालेल्या ‘हॉट स्पॉट’ पद्धतीने सर्वांत दाट जागा शोधून मोजणी केली, तर निरोगी उंदरातही नजर याच सीमेवर जाऊन थांबेल.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. एप्रिल-मे महिन्यांत पारोळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वीज गेली की उंदीरघर तापते. ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन वाढते आणि बाह्यकातल्या अपक्व पेशी एक-दोन दिवसांत मोठ्या संख्येने मरतात. पेशी गेल्या, वाहिन्या राहिल्या, त्या जवळजवळ आल्या. वाहिन्यांचे अस्तर दाखवणाऱ्या सीडी-३१ने रंगवलेल्या स्लाइडवर प्रत्येक क्षेत्रात त्या जास्त दिसतात. प्रत्यक्षात नवी एकही फुटलेली नसते. गाठीवर उपाय म्हणून दिलेल्या वनस्पतींच्या अर्कांचेही तसेच. अर्क विषारी ठरला, उंदीर खंगला, तरी थायमसचे वजन घटते. लेखात मात्र ‘गाठ कमी झाली’ असे छापले जाते. सोबत शरीराचे आणि अधिवृक्क ग्रंथींचे वजन दिले असते, तर हा घोटाळा तिथल्या तिथे उघडा पडला असता.

थायमसचे कार्य जॅक मिलर यांना १९६१ साली उमगले, तेही उंदरांच्या रक्तकर्करोगाचा अभ्यास करताना. पी-५३ जनुक काढून टाकलेल्या उंदरांत तर थायमसचा लिम्फोमा नेहमीचाच. छातीत वाढलेला गोळा फुफ्फुसे दाबतो आणि जनावर पाठ वाकवून धापा टाकत बसते. ते लक्षण दिसेपर्यंत थांबणे हा क्रूरपणा आहे, आणि त्या अवस्थेतल्या ऊतीवर ताणाचाच ठसा अधिक असतो.

परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या स्ट्रेन्स घेऊन स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा तपासला. उंदराचा वंश आणि त्याचे आयुष्य नीट ठाऊक नसेल, तर अशा कामाला पायाच राहत नाही. आपल्याकडे यंत्रे कमी असतील, पण तापमापक, तराजू आणि नोंदवही प्रत्येक प्रयोगशाळेत आहे.

म्हणून लेखकांना विनंती : स्ट्रेन, लिंग, आठवड्यांत वय, उंदीरघराचे रोजचे किमान-कमाल तापमान, शरीर आणि अधिवृक्कांचे वजन, आणि त्याच वयाच्या निरोगी उंदराच्या थायमसमधील वाहिन्यांची मोजणी एवढे लेखासोबत पाठवा. पुढील अंकापासून या नोंदींशिवाय आलेला लेख परीक्षकांकडे जाणार नाही.