लेक पॉवेल छोट्या होड्यांसाठी राखा

लेक पॉवेलची पातळी फेब्रुवारी २०२३ मध्ये समुद्रसपाटीपासून ३,५२० फुटांच्या आसपास उतरली. १९८० साली हा जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला, तेव्हा ती ३,७०० फूट होती. अमेरिकेतील युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर, लाल वालुकाश्माच्या वाळवंटात पसरलेल्या या जलाशयात त्या फेब्रुवारीत पाव हिस्साही पाणी उरले नव्हते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वितळलेल्या भरघोस बर्फाने पातळी सावरली, पण जलाशय भरण्याच्या जवळपासही गेला नाही. या सगळ्या काळात तिथल्या पर्यटनाची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: मोठ्या हाउसबोटी पाण्यात उतरवण्यासाठी बांधलेले काँक्रीटचे उतार आणखी किती खाली न्यायचे? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. उतरत्या पाण्यामागे काँक्रीट नेत राहण्यापेक्षा इथला नौकाविहारच छोट्या होड्यांच्या मापाने बेतला पाहिजे. वल्ह्यांच्या कयाक, शिडाच्या लहान नावा, छोट्या इंजिनाच्या उघड्या होड्या यांना तिथे पहिला मान मिळावा. कोलोरॅडो नदीत आता जेवढे पाणी येते, त्यावर टिकेल असा दुसरा नौकाविहार मला दिसत नाही.

हे पटण्यासाठी आधी पाण्याचा हिशेब पाहावा लागेल. ७१० फूट उंचीच्या ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले आणि पूर्ण भरल्यावर त्यामागचा फुगवटा सुमारे ३०० किलोमीटर लांब पसरला. त्यात १,१०० टीएमसीच्या आसपास पाणी मावते, म्हणजे आपल्या कोयनेच्या दसपट. ते भरायला सतरा वर्षे लागली. एवढ्या मोठ्या साठ्यामागचे पाणीवाटप मात्र १९२२ च्या करारावर बेतलेले होते. त्या कराराने वरच्या आणि खालच्या खोऱ्यांतील राज्यांना दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी दिले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख दिले. बेरीज १ कोटी ६५ लाख होते. करार झाला त्याआधीची वर्षे भरपूर पाण्याची होती आणि तीच नेहमीची धरली गेली. या शतकात नदीचा नैसर्गिक प्रवाह सरासरीने सव्वा कोटी एकर-फुटांच्या घरात राहिला आहे. हवा तापते तसे डोंगरावरचे बर्फ लवकर वितळते आणि नदीत पोहोचण्याआधीच त्यातले बरेच पाणी तहानलेली माती आणि झाडोरा शोषून घेतात. ज्या जॉन वेस्ली पॉवेलचे नाव या जलाशयाला दिले आहे, त्याने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. युद्धात उजवा हात गमावलेल्या या माणसाने १८६९ मध्ये चार लाकडी होड्यांतून या नदीचा प्रवास केला. ग्लेन कॅनियन हे नावही त्याच्याच मोहिमेतले. पुढे १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत, या कोरड्या प्रदेशातील सगळी जमीन भिजवायला पुरेल एवढे पाणी इथे नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. सव्वाशे वर्षांनंतर त्याच माणसाच्या नावाचा जलाशय त्याच्या म्हणण्याची साक्ष देतो आहे.

आता काठावर काय घडते ते पाहा. हाउसबोट म्हणजे साठ-सत्तर फूट लांबीचे तरंगते घर. ते ट्रेलरवरून पाण्यात सोडायला रुंद, पक्का आणि सौम्य चढाचा उतार लागतो. उतार सौम्य असल्यामुळे पाणी एक फूट खाली गेले तरी काठ कितीतरी फूट दूर सरकतो. २०२१ च्या उन्हाळ्यात वाहवीप या नौकातळाचा मुख्य उतार हाउसबोटींसाठी बंद करावा लागला. जलाशयाच्या वरच्या टोकाला हाइट येथे बांधलेला उतार तर पाण्यापासून दूर कोरडाच पडून राहिला. दुसरीकडे, चौघांनी उचलून पाण्यात सोडता येईल अशा होडीला उघडा खडक किंवा वाळूचा काठ मिळाला तरी भागते. मोठ्या नावांची वाट बंद असताना कयाकवाल्यांची बहुतेक वेळा चालू राहिली, ती याचमुळे. खर्चापेक्षाही मला यातला दबाव जास्त खटकतो. धरणातून वीज निर्माण व्हायला ३,४९० फूट ही किमान पातळी पुरते. पण नौकाविहाराच्या बाजूने बोलणाऱ्या एका संघटनेने पातळी ३,५८८ फुटांवर राखावी, अशी मोहीमच चालवली. उतार वापरता येतील आणि जलाशयाच्या दोन भागांना जोडणारा, कॅसल रॉक येथील अंतर वाचवणारा जलमार्ग खुला राहील, हे त्या आकड्यामागचे मुख्य कारण. धरणाची पातळी किती ठेवायची, हा निर्णय अशा रीतीने नावेच्या तळाच्या खोलीवर येऊन ठेपतो. शिवाय जलाशय जितका भरलेला, तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि वाळवंटी उन्हात होणारे बाष्पीभवनही जास्त. याच प्रदेशात जलाशयाला लागून नवाहो लोकांची भूमी आहे. तिथल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळाचे पाणी नाही आणि अनेक कुटुंबे दूरवरून पिंपे भरून आणतात. अशा ठिकाणी सहलीच्या नावा तरंगाव्यात म्हणून पाण्याची पातळी मागणे मला न्याय्य वाटत नाही.

छोटी होडी हा केवळ तडजोडीचा पर्याय आहे, असेही समजू नये. लेक पॉवेलचे खरे वैभव मधल्या रुंद पाण्यात नसून त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या नव्वदहून अधिक घळींमध्ये आहे. तोंडाशी शंभर-दोनशे फूट रुंद असलेली घळ आत जाता जाता इतकी अरुंद होते की वल्ह्याचे टोक दोन्ही भिंतींना लागते. भिंती सरळ उभ्या, कित्येक ठिकाणी माथ्याकडे पुढे झुकलेल्या. वरच्या भागावर शतकानुशतके साचलेल्या लोह-मँगनीजच्या लेपाचे काळे-तांबडे ओघळ. त्याखाली, जुन्या पाणीपातळीपासून आजच्या पातळीपर्यंत, पाण्यातल्या कॅल्शियमचा पांढरा थर. होडी भिंतीला टेकवली की हा थर बोटाला खडबडीत लागतो. खडकाच्या फटीतून झरा पाझरतो तिथे भर वाळवंटात हंसराजाची नाजूक पाने लोंबतात. घळीच्या शेवटी पाणी संपते आणि गाळ सुरू होतो. त्यात अर्ध्या शतकापूर्वी बुडालेल्या कॉटनवुड झाडांचे वठलेले बुंधे अजून उभे दिसतात. पाणी हटून काही वर्षे झालेल्या घळींत नवी कॉटनवुड आणि वाळुंजाची रोपे उगवली आहेत, झऱ्यांनी गाळ कापून जुने पात्र पुन्हा मोकळे केले आहे. हे सगळे पाहायला हाउसबोट आत शिरू शकत नाही. वेगवान मोटरबोट शिरली, तरी तिच्या लाटा उभ्या भिंतींवर आदळून परत येतात आणि मागच्या वल्हेवाल्याला हेलकावे देतात.

पाणी उतरल्यावर बुडालेला भूगोल वर येतो, हे मराठी वाचकाला नवे नाही. उजनीच्या फुगवट्यात दुष्काळाच्या उन्हाळ्यात पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. ग्लेन कॅनियनमध्येही कॅथीड्रल इन द डेझर्ट हे गुहेसारखे दालन, त्यातल्या धबधब्यासह, अलीकडच्या वर्षांत पुन्हा पाण्याबाहेर आले. १७७६ मध्ये दोमिंगेस आणि एस्कालांते या पाद्र्यांनी जिथे कोलोरॅडो ओलांडली ती जागा मात्र अजून पाद्रे बे या उपसागराच्या तळाशी आहे. रेनबो ब्रिज ही दगडाची नैसर्गिक कमान नवाहो आणि शेजारच्या इतर आदिवासी समाजांना पवित्र आहे. जलाशयामुळे तिच्या पायथ्याशी पाणी आणि पर्यटक दोन्ही पोहोचले. आपल्या धार्मिक आचारात त्यामुळे बाधा येते म्हणून नवाहोंनी न्यायालयात दाद मागितली, पण १९८० मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. तिथे कसे यायचे आणि किती आवाज करत यायचे, याचे निदान एवढे तरी भान पर्यटकाने ठेवायला हवे. वल्हे मारत आलेल्या माणसाला ते ठेवणे सोपे जाते.

या मताविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो खरा आहे. मधल्या मोठ्या पात्रात दुपारनंतर वारा उठला की लाटा उभ्या कड्यांवर आपटून उलट फिरतात, सगळीकडून पाणी उसळते आणि मैलोन्मैल होडी लावायला जागा सापडत नाही. जुलै ते सप्टेंबरमधील वादळी पावसात दूरवर पडलेल्या सरीने अरुंद घळीत अचानक लोंढा येतो. पण यातून निघणारा निष्कर्ष नियोजनाचा आहे. प्रवास सकाळी करावा, उघडे पात्र टाळून घळींतच फिरावे आणि कयाक मोठ्या बोटीवर लादून दूरच्या घळीच्या तोंडाशी सोडण्याची सोय वाढवावी. अशी सोय तिथे आजही मिळते; ती स्वस्त आणि नियमित हवी. मोठी नाव आपोआप सुरक्षित असते हा समजही सोडून द्यावा. २००० च्या सुमारास याच जलाशयावर हाउसबोटींच्या जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. केंद्रीय संस्थांनी चौकशी केली तेव्हा नावेच्या मागच्या बाजूने, पोहणाऱ्यांच्या अगदी जवळ धूर सोडण्याच्या रचनेतच दोष आढळला.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पेज हे गाव १९५७ मध्ये धरण बांधणाऱ्या कामगारांसाठीच वसले आणि आजही तिथली बरीच कमाई पर्यटनावर चालते. हाउसबोटी गेल्या तर काय, ही काळजी साहजिक आहे. पण याच गावाजवळच्या अँटिलोप कॅनियनमध्ये नवाहो वाटाड्यांबरोबर चालत जाणारे आणि हॉर्सशू बेंडच्या कड्यावरून नदी पाहणारे पर्यटक दरवर्षी लाखोंनी येतात. त्यातल्या कुणालाच काँक्रीटचा उतार लागत नाही. छोट्या होड्यांना वाटाडे लागतात, भाड्याची साधने लागतात, ने-आण करणारे लागतात. म्हणजे माणसांचे काम वाढते. वृद्ध, अपंग आणि लहान मुलांच्या कुटुंबांचे काय, हाही रास्त प्रश्न आहे. त्यांच्यासाठी ठरावीक मार्गांवरच्या प्रवासी बोटी कायम राहिल्या पाहिजेत. शंभर जणांना नेणारी एक बोट एका धक्क्यावर भागवते. एका कुटुंबाच्या एका आठवड्यासाठी एक तरंगते घर, या हिशेबाचे समर्थन मात्र मला करता येत नाही.

तिसरी बाजू जलाशय रिकामाच करा म्हणणाऱ्यांची. १९९६ मध्ये सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेच्या संचालक मंडळाने तशी भूमिका घेतली. धरण बांधले जात असताना पुरेसा विरोध केला नाही, ही खंत त्या संस्थेचे जुने नेते डेव्हिड ब्राउअर यांना आयुष्यभर राहिली. त्यांची वेदना समजण्यासारखी आहे. पण ते होईपर्यंत, किंवा कधीच झाले नाही तरी, मधली वर्षे कशी काढायची याचे उत्तर लागतेच. छोटी होडी दोन्ही शक्यतांत चालते. पाणी वाढले तर ती घळीत आणखी आत जाईल; पाणी संपून तिथे पुन्हा नदी वाहू लागली तर नदीतही तीच लागेल.

जलाशयाच्या कारभाराचे २००७ मध्ये ठरलेले नियम २०२६ अखेर संपत आहेत. पुढच्या नियमांत पाण्याचा पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, शेतीचा, नदीतील जिवांचा आणि आजवर वंचित राहिलेल्या आदिवासी समाजांचा असावा, आणि पर्यटनाने उरलेल्या पातळीशी जुळवून घ्यावे. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे आणि इथून सहलीला जाणारी मंडळी लास वेगास, ग्रँड कॅनियन आणि पेज अशी फेरी करतात. त्यांना एक विनंती आहे. वसंतात किंवा शरद ऋतूत जा, लाइफ जॅकेट अंगावर ठेवा, वाऱ्याचा अंदाज पाहून निघा आणि भाड्याने घ्यायची तर छोटी होडी घ्या.